कोकणातील घरात वीजबचतीच्या सुधारणा केल्यास करात सूट मिळते का?

अमेरिकेतील चुलतभावाला घरात वीजबचतीची कामे केल्याबद्दल प्राप्तिकरात थेट सूट मिळाली, तशी देवगडजवळील आपल्या वडिलोपार्जित घराला मिळेल का, असे आपण विचारले आहे. आपल्या प्राप्तिकरात तशी सूट नाही. तिकडची ३० टक्क्यांची सवलतही जुलै २०२५ च्या कायद्याने ३१ डिसेंबर २०२५ नंतरच्या कामांसाठी बंद झाली आहे, तेव्हा भावाचा हेवा वाटण्याचे आता कारण उरलेले नाही.

आपल्याकडे कराच्या बाजूने मिळते ते थोडके. घरदुरुस्तीसाठी कर्ज घेतल्यास त्याच्या व्याजावर वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत वजावट घेता येते. मात्र स्वतः राहत असलेल्या घरासाठी ती जुन्या करप्रणालीतच मिळते, आणि केवळ तेवढ्यासाठी कर्ज काढणे मला शहाणपणाचे वाटत नाही. याखेरीज २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे.

खरी मदत अनुदानाची आहे. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत घराच्या छतावरील सौर संचाला एक किलोवॉटसाठी ३०,०००, दोनसाठी ६०,००० आणि तीन किंवा त्याहून अधिक किलोवॉटसाठी कमाल ७८,००० रुपये मिळतात. संच बसून, तपासणी होऊन नेट मीटर (वीज कंपनीकडून घेतलेली आणि तिला दिलेली, दोन्ही वीज मोजणारा मीटर) लागल्यावरच ही रक्कम खात्यात जमा होते. पॅनेल भारतीय बनावटीचेच हवेत.

परंतु अर्ज करण्यापूर्वी विजेचे बिल काढून त्यावरचे नाव वाचावे. कोकणातील कितीतरी जुन्या घरांचे मीटर अजून आजोबांच्या नावावर, घरपट्टी काकांच्या नावावर आणि वारस मुंबई-पुण्यात विखुरलेले असतात. बिलावरील नाव आणि अर्जदाराचे नाव जुळले नाही, तर प्रकरण तिथेच अडते. म्हणून नावबदलाचे काम आणि भावकीची संमती आधी पदरात पाडून घ्यावी. ठेकेदार हे सहसा आपणहून सांगत नाही.

दुसरा प्रश्न असा की, त्या घरात वर्षातून किती महिने कोणी राहते? केवळ गणपती आणि मे महिन्यातच घर उघडत असेल, तर तीन किलोवॉटचा संच बसवून उपयोग नाही. नेट मीटरमुळे जादा युनिट पुढच्या बिलांत वळते होतात खरे; पण आर्थिक वर्षाअखेरीस उरलेल्या युनिटांना जो दर मिळतो, तो आपण विजेसाठी मोजतो त्यापेक्षा बराच कमी असतो. आई-वडील बारमाही राहत असतील, तर मात्र हिशेब जमतो. स्वच्छ उन्हाच्या दिवशी एक किलोवॉटमागे सुमारे चार युनिट मिळतात. जून ते सप्टेंबर ही अपेक्षा धरू नये.

संच घेण्याआधी वापर कमी करावा, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण महावितरणचे दर टप्प्याटप्प्याने चढतात आणि वाचलेले युनिट सर्वांत महागड्या टप्प्यातून कमी होते. जुना पंखा सुमारे ७५ वॉट घेतो, बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या मोटरचा) पंखा ३० च्या आसपास. रोज बारा तास चालणारे चार पंखे बदलले, तर महिन्याला साधारण ६५ युनिट वाचतात. १५० युनिटांचे बिल असेल, तर आपण थेट शंभराच्या आतल्या स्वस्त टप्प्यात येता. फ्रिज घेताना ताऱ्यांची संख्या पाहून थांबू नये, लेबलवर छापलेला वार्षिक युनिटांचा आकडा वाचावा. कौलारू घराला एसीची गरज क्वचितच भासते. ज्या खोलीवर स्लॅब आहे, तिच्या गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग दिला तरी दुपारी फरक जाणवतो.

पॅनेल कौलांवर चढवू नयेत, जुने वासे तो भार आणि वादळाचा वारा दोन्ही पेलतील याचा भरवसा नाही. स्लॅबची पडवी किंवा न्हाणीघराची गच्ची असल्यास तिथे बसवावेत, फक्त माडाची सावली दुपारी कुठे पडते ते आधी पाहावे. एका झावळीच्या सावलीनेही उत्पादन घटते. सांगाडा गॅल्व्हनाइज्ड आणि नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचेच हवेत, हे दरपत्रकात लेखी घ्यावे, कारण खाऱ्या वाऱ्यात साधे बोल्ट आधी गंजतात आणि घाटावरच्या ठेकेदाराला त्याची कल्पना असेलच असे नाही.