शेठजींना ‘हो’ की ‘नाही’ हवं असतं

प्रश्न : ताई, मी इंदूरला एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सुदामानगरात आजीकडे राहते. कन्सल्टिंगच्या, म्हणजे कंपन्यांना सल्ला देण्याच्या नोकरीच्या मुलाखतींसाठी सीनियर आमचे मॉक, म्हणजे सराव-मुलाखती घेतात. त्यात धंद्यातला एक प्रश्न, म्हणजे ‘केस’, सोडवायला देतात. परवाची केस होती : इंदूरच्या एका नमकीनवाल्याने गुजरातेत उतरावं का? गुंतवणूक ६ कोटी, वर्षाला २० कोटींची जादा विक्री, मार्जिन १० टक्के. पैसे ४ वर्षांत वसूल व्हावेत, ही मालकांची अट. गणित मला जमलं. पण “मालक आत आलेत, सांग” म्हटल्यावर मी अगदी सुरुवातीपासून सांगत सुटले आणि शेवटी “बाजारावर अवलंबून आहे” म्हणाले. शेरा मिळाला : शिफारस कच्ची. आकडे बरोबर असताना कच्ची कशी?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : तुझं पत्र वाचताना मला पिथमपूरचा एक कारखाना आठवला. नोकरीचं दुसरं वर्ष होतं. नवं मशीन घ्यावं का, यावर मी मालकांना चाळीस मिनिटं तक्ते दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “तो मैडम, मशीन लेनी है के नी लेनी?” मी ‘नरो वा कुंजरो वा’ केलं. मग शेजारी बसलेले माझे वरिष्ठ म्हणाले, “लेनी है. पर एक, दो नहीं.” हे उत्तर माझ्याच तक्त्यांत होतं. ते उच्चारायची जबाबदारी मी घेतली नव्हती. ती बोच अजून आहे, म्हणून तुला जरा सविस्तर लिहिते.

मालकांनी प्रश्न विचारला होता ‘उतरावं का?’ तू सांगितलंस ते ‘मी काय काय केलं’. केस सोडवताना आपण पायरी पायरीने वर जातो; सांगताना मात्र वरूनच सुरुवात करायची. बार्बरा मिंटो १९६३ मध्ये मॅकिन्झी या सल्लागार कंपनीत रुजू झाल्या. आधी उत्तर आणि त्याखाली आधार, ही मांडणी या व्यवसायात रुजली ती मुख्यतः त्यांच्यामुळे.

मी असं बोलले असते : “गुजरातेत उतरा. वर्षाला २ कोटी सुटतील, म्हणजे ६ कोटी ३ वर्षांत वसूल होतात. तुमची अट ४ वर्षांची आहे. धोका मार्जिनचा आहे. तेल-बेसन महागून ते साडेसात टक्क्यांखाली गेलं, तर ४ वर्षांत पैसे निघणार नाहीत. म्हणून सगळी रक्कम एकदम घालू नका. आधी दाहोद आणि वडोदऱ्यात दोन महिने माल विकून भाव टिकतो का बघा, मग डेपो घ्या.” एवढं एका मिनिटात होतं.

त्यातल्या साडेसात टक्क्यांकडे नीट बघ. ६ कोटी ४ वर्षांत निघायचे तर वर्षाला दीड कोटी हवेत, आणि २० कोटींवर दीड कोटी म्हणजे साडेसात टक्के. तुझं ‘बाजारावर अवलंबून आहे’ खोटं नव्हतं, अर्धवट होतं. बाजारातल्या कशावर आणि कुठल्या आकड्यापर्यंत, हे सांगितलं की तीच शंका मालकांच्या कामाची होते. मला विचारशील तर शिफारशीतला सगळ्यात मोलाचा भाग हाच आहे, आणि मुलं नेमका तोच गाळतात.

ठाम बोललं तर उद्धट वाटेल, अशी भीती आपल्या घरांतल्या मुलींना फार असते. ती सोड. “आज हाती असलेल्या आकड्यांवर माझा सल्ला हा” असं म्हणण्यात उद्धटपणा नाही. समोरच्याने नुसतं “खात्री आहे?” विचारलं म्हणून मत बदलू नकोस. त्याने नवा आकडा दिला, तर मात्र तिथेच हिशेब करून बदल, आणि बदलते आहे असं स्पष्ट सांग.

बोलण्याआधी अर्धा मिनिट मागून घ्यायला हरकत नसते. त्या वेळात सुरुवातीला टिपलेला प्रश्न पुन्हा वाच. शेवटच्या मिनिटाला नवा मुद्दा मात्र काढू नकोस.

आज रात्री जेवणं झाली की हीच केस आजीला सांग, मराठीत, घड्याळ लावून. “मग काय ठरलं त्यांचं?” असं तिला विचारावं लागलं, तर पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू कर.