डब्याच्या मागची बाजू

या वेळच्या टपालात पावडरी आणि गोळ्यांचेच प्रश्न जास्त आहेत. बहुतेकांनी डब्याच्या पुढच्या बाजूचा मोठा आकडा कळवलाय. मागचा बारीक तक्ता फार थोड्यांनी वाचलेला दिसतो, आणि उत्तरं बऱ्याचदा तिथेच असतात.

प्रश्न: वजन ६८ किलो. आठवड्यातून चार दिवस जिममध्ये वजनं उचलतो. मी शाकाहारी आहे, दूध-दही चालतं. प्रोटीन पावडरीवाचून भागेल का?

भागेल, पण हिशेब करून खावं लागेल. स्नायू वाढवण्यासाठी व्यायाम करणाऱ्याला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १.६ ग्रॅम प्रथिनं पुरतात. तुमच्यासाठी ते ११० ग्रॅमच्या आसपास येतं. आता ताट मांडू. अर्धा लिटर दुधातून १६ ग्रॅम, २०० ग्रॅम दह्यातून ७, १०० ग्रॅम पनीरमधून १८, ८० ग्रॅम कोरड्या डाळी-कडधान्यातून १८, ४० ग्रॅम कोरड्या सोयावडीतून २०, ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून ७. दिवसभरात पोटात जाणाऱ्या ३०० ग्रॅम धान्यातून आणखी २५. बेरीज १११. काम झालं.

गफलत होते ती कच्च्या-शिजलेल्यात. १०० ग्रॅम डाळीत २४ ग्रॅम प्रथिनं असतात हे खरं, पण कोरड्या डाळीत. घट्ट शिजवलेल्या १०० ग्रॅममध्ये ती ८-९ उरतात आणि पातळ केली तर त्याच्या निम्मीही नाहीत. डाळ कुठे जात नाही, पाणी वाढतं. म्हणून डाळ शिजवायच्या आधी मोजा. दुसरी गफलत शेंगदाण्यांची. त्यांच्यात प्रथिनं आहेत, पण तेल त्याहून जास्त आहे. सगळी गरज शेंगदाण्यांवर भागवायची तर दिवसाला ४४० ग्रॅम खावे लागतील, म्हणजे जवळजवळ २,५०० कॅलरी. सोयावडीने पोट फुगत असेल तर गरम पाण्यात भिजवून दोनदा घट्ट पिळा आणि २० ग्रॅमपासून सुरुवात करा.

तिसरी गोष्ट वाटणीची. बहुतेकांच्या सकाळच्या खाण्यात जेमतेम ८-१० ग्रॅम प्रथिनं असतात आणि सगळा भार रात्रीवर येतो. दर जेवणात २५-३० ग्रॅम येतील असं बघा.

एवढं खाणं वेळेत बसत नसेल तर पावडरीचा एक स्कूप घ्यायला हरकत नाही. ते दुधातलंच प्रथिन आहे, औषध नव्हे. घेताना भागाकार करा. ३० ग्रॅमच्या स्कूपमध्ये २४ ग्रॅम प्रथिन म्हणजे ८० टक्के, ठीक. १८ ग्रॅम म्हणजे ६० टक्के, उरलेली बहुतेक साखर आणि स्वाद. दुधाने पोट बिघडत असेल तर कॉन्सन्ट्रेटऐवजी आयसोलेट (जास्त शुद्ध केलेली पावडर) घ्या, त्यात लॅक्टोज फारच कमी असतं.

घटकांच्या यादीत ग्लायसिन, टॉरिन किंवा क्रिएटिन (नायट्रोजन असलेले, पण प्रथिन नसलेले पदार्थ) वेगळं लिहिलेलं दिसलं तर तो डबा खाली ठेवा. प्रथिनं मोजायची नेहमीची रीत म्हणजे नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणायचं. स्वस्त ग्लायसिनमध्ये वजनाच्या मानाने नायट्रोजन प्रथिनापेक्षा जास्त आणि क्रिएटिनमध्ये तर दुप्पट असतो. ते मिसळलं की चाचणीतला आकडा फुगतो, स्नायूंच्या वाट्याला मात्र काही येत नाही. आणि स्कूपवर विश्वास नको. पावडर तळाशी दबते, त्यामुळे डब्याच्या वरच्या थरातला स्कूप हलका भरतो तर तळाचा जड. काट्यावर एकदा वजन करून बघा.

हे सगळं निरोगी किडनीसाठी. किडनीचा आजार असेल तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरच ठरवतील.

प्रश्न: तीन आठवडे क्रिएटिन घेतोय. वजन दीड किलो वाढलं आणि रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनीन थोडं जास्त आलं. किडनी बिघडली का?

फक्त या दोन गोष्टींवरून तसं म्हणता येत नाही. वाढलेलं वजन बहुतेक पाणी आहे. क्रिएटिन स्नायूंच्या पेशींत शिरताना पाणी सोबत नेतं. क्रिएटिनीन म्हणजे त्याच क्रिएटिनचं टाकाऊ रूप. आत जास्त गेलं की बाहेर जास्त पडणार, किडनी उत्तम असली तरी. तपासणीच्या आदल्या दिवशी जोरदार व्यायाम केला किंवा भरपूर मांस खाल्लं तरी हा आकडा चढतो.

तरीही रिपोर्ट बाजूला ठेवू नका. क्रिएटिन चालू आहे हे डॉक्टरांना सांगा, कारण बहुतेक लोक नेमकं हेच सांगायचं विसरतात. सिस्टॅटिन सी ही तपासणी स्नायूंवर फारशी अवलंबून नसते, तिच्यावरून आणि लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनावरून खरं काय ते कळतं. तोवर क्रिएटिन बंद ठेवा.

पुन्हा सुरू करायचं झालं तर साधं मोनोहायड्रेट, रोज ३ ते ५ ग्रॅम. सुरुवातीला आठवडाभर रोज २० ग्रॅम घेतले तर साठा लवकर भरतो एवढंच. रोज ३ ग्रॅम घेऊनही तो महिन्याभरात भरतो आणि पोटही बिघडत नाही. गार पाण्यात ते विरघळत नाही, पेल्याच्या तळाशी वाळूसारखं बसतं आणि धुऊन टाकलं जातं. मोठा पेला भरून कोमट पाणी घ्या, ढवळा, लगेच प्या. सरबतात घालून दिवसभर बाटलीत ठेवू नका, आंबट द्रवात ते हळूहळू क्रिएटिनीन होतं. आहारातून ते मांस-माशांतूनच मिळतं. किलोभर कच्च्या मांसात ४-५ ग्रॅम असतं, म्हणून शाकाहारी माणसांचा साठा मुळात कमी असतो आणि त्यांना फरक जास्त जाणवतो.

प्रश्न: मी धावते. हिमोग्लोबिन ११.८, फेरिटिन ११. तीन महिने लोहाच्या गोळ्या रोज दोन घेतल्या, बद्धकोष्ठ झालं, फेरिटिन हललं नाही. काय चुकतंय?

फेरिटिन शरीरातला लोहाचा साठा दाखवतं. ते १५ च्या खाली म्हणजे साठा संपलेला. तेव्हा गोळी हवीच, नुसत्या खाण्याने हे भरून येणार नाही. पण ती कशी घेता यावर सगळं आहे.

आधी गोळीवरचा आकडा कशाचा आहे ते बघा. ३०० मिलिग्रॅम फेरस फ्युमरेटमध्ये लोह असतं सुमारे १०० मिलिग्रॅम, तर तितक्याच फेरस ग्लुकोनेटमध्ये ३५ च्या आसपास. तुम्हाला ‘एलिमेंटल आयर्न’ या शब्दांपुढचा आकडा हवाय.

आता रोज दोन गोळ्यांबद्दल. लोहाचा मोठा डोस पोटात गेला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि ते आतड्यातलं लोहाचं दार साधारण दिवसभर अर्धवट मिटून ठेवतं. म्हणजे संध्याकाळची गोळी बरीचशी वाया जाते, आणि आतड्यात उरलेलं लोहच बद्धकोष्ठ करतं. एका दिवसाआड एक गोळी घेतली तर दर गोळीतलं लोह जास्त शोषलं जातं आणि पोटालाही बरं वाटतं. डॉक्टरांशी बोलून हा बदल करून बघा.

धावल्यावरही हेप्सिडिन वाढतं, तीन ते सहा तासांनी सर्वांत जास्त. म्हणून सकाळी धावून, आंघोळ-नाश्ता आटोपून दुपारी गोळी घेणं ही वाईटात वाईट वेळ. धावायच्या आधी किंवा धावून आल्या आल्या, रिकाम्या पोटी, लिंबाच्या किंवा संत्र्याच्या रसाबरोबर घ्या. चहा-कॉफी त्याच्या आधी तासभर आणि नंतर दोन तास नको. दूध आणि कॅल्शियमची गोळीही तेवढीच लांब ठेवा. थायरॉइडची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि लोहात चार तासांचं अंतर हवं, नाहीतर थायरॉइडचीच गोळी लागू पडत नाही. रोज अ‍ॅसिडिटीची गोळी घेत असाल तर तेही लोह न शोषलं जाण्याचं कारण असू शकतं.

शौचाला काळं होणं अपेक्षित आहे. डांबरासारखं चिकट आणि दुर्गंधीचं झालं तर मात्र तपासून घ्या. हिमोग्लोबिन आधी सुधारतं, साठा मागाहून भरतो. त्यामुळे हिमोग्लोबिन नॉर्मल झाल्यावर गोळ्या बंद करणं ही नेहमीची चूक. पुढे तीनेक महिने त्या चालू ठेवाव्या लागतात. एवढं करूनही फेरिटिन जागचं हललं नाही, तर पाळीत जास्त रक्त जातंय का, आतड्याचा सीलिॲकसारखा आजार आहे का, हे शोधावं लागेल. घरात लहान मूल असेल तर या गोळ्या कुलपात ठेवा. मुलांसाठी त्या खरोखर विषारी ठरतात.

प्रश्न: बीसीएए (तीन अमिनो आम्लांची पावडर) घ्यावं का?

दिवसाची प्रथिनं पुरेशी होत असतील तर नाही. ही तिन्ही अमिनो आम्लं दुधात, अंड्यात, डाळीत आहेतच.

प्रश्न: व्यायामाआधीची पावडर घेतली की चेहरा आणि कान मुंग्या आल्यासारखे होतात, छातीत धडधडतं, रात्री झोप नाही. ॲलर्जी आहे का?

मुंग्या बहुधा बीटा-ॲलनिनच्या, म्हणजे या पावडरींत घातलेल्या एका अमिनो आम्लाच्या. एका वेळी दीड ग्रॅमपेक्षा जास्त गेलं की त्वचेतल्या नसा चाळवतात. तासाभरात थांबतं, अपाय नाही. पण ‘पावडर चढली’ याचा तो पुरावाही नाही. बीटा-ॲलनिन रोज चार आठवडे घेतल्यावर उपयोगी पडतं, तेही एक ते चार मिनिटांच्या जोरकस प्रयत्नांना. ओठ सुजले, अंगावर पित्त उठलं किंवा श्वास लागला तर गोष्ट वेगळी, मग ताबडतोब डॉक्टर.

धडधड कॅफीनची. व्यायामासाठी दर किलोमागे ३ मिलिग्रॅम, व्यायामाच्या तासभर आधी, एवढं पुरे असतं. ६० किलोच्या माणसाला १८० मिलिग्रॅम. अनेक डब्यांत एका स्कूपला ३०० असतं आणि दिवसाची कॉफी वेगळी. निरोगी प्रौढाने दिवसभरात ४०० च्या पुढे जाऊ नये, गरोदरपणी २०० च्या. कॅफीनचा निम्मा भाग बाहेर पडायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सातला ३०० घेतलं तर रात्री बाराला १५० अंगात शिल्लक आहे. झोप कशी यावी?

तक्त्यात घटकांची नावं एकत्र आणि खाली फक्त ‘मिश्रण ६ ग्रॅम’ असं असेल तर ती पावडर घेऊ नका. कॅफीन किती हेच त्यात लपलेलं असतं. शुद्ध कॅफीनची सुटी पावडर तर घरातही नको, एका चमच्यात जीव जाईल एवढी मात्रा असते. स्पर्धेत उतरणाऱ्यांनी डब्यावर ‘इन्फॉर्म्ड स्पोर्ट’ किंवा ‘एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट’चा, म्हणजे बंदी असलेल्या पदार्थांची तपासणी झाल्याचा, शिक्का बघावा. डोपिंगमध्ये सापडलात तर ‘डब्यावर लिहिलेलं नव्हतं’ ही सबब तुम्हाला वाचवत नाही.

प्रश्न: दोन तासांच्या धावण्यासाठी घरी पेय करता येईल का?

येईल. एक लिटर पाणी, ६० ग्रॅम साखर, पाव चहाचा चमचा मीठ, चवीला लिंबू. साखर सहा टक्के, सोडियम सुमारे ६०० मिलिग्रॅम. तासाला ४०० ते ८०० मिलिलिटर, घोट घोट. साखर जास्त घातल्याने ताकद जास्त मिळत नाही. दाट पेय जठरात रेंगाळतं आणि आतड्यात पाणी ओढून घेतं, मग कळा आणि जुलाब. तासाभराच्या आतल्या व्यायामाला साधं पाणी पुरतं.

किती प्यायचं ते काटा सांगेल. धावण्याआधी आणि नंतर घामाचे कपडे काढून वजन करा. तासात ८०० ग्रॅम घटलं आणि ४०० मिलिलिटर प्यायला होतात, तर घाम १.२ लिटर. तो सगळा लगोलग भरून काढायची गरज नाही. पण धावून वजन *वाढलं* असेल तर पाणी जास्त झालंय. रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजतात, माणूस गोंधळतो. अशा वेळी आणखी पाणी पाजणं हीच घातक मदत, सरळ रुग्णालयात न्यावं.

प्रश्न: ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची गोळी दर आठवड्याला, दोन वर्षं घेतेय. चालू ठेवू?

आज थांबवा आणि रक्तातलं कॅल्शियम आणि २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी तपासून घ्या. हा डोस काही आठवड्यांसाठी असतो. आठवड्याचे ६०,००० म्हणजे रोजचे साडेआठ हजार, आणि देखरेखीशिवाय रोजची मर्यादा ४,००० आहे. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, लघवीवाटे निघून जात नाही. सारखी तहान, वारंवार लघवी, मळमळ, बद्धकोष्ठ ही कॅल्शियम वाढल्याची खूण. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तेही तपासणीआधी निदान दोन दिवस बंद ठेवा, नाहीतर थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात.

प्रश्न: माशाच्या तेलाची १,००० मिलिग्रॅमची कॅप्सूल रोज घेतो. पुरेशी आहे?

१,००० हे तेलाचं वजन. साध्या कॅप्सूलमध्ये ईपीए १८० आणि डीएचए १२० ही ओमेगा-३ आम्लं असतात, म्हणजे कामाचं ३००. आठवड्यातून दोनदा तेलकट मासा खात असाल तर तीही नको. एक कॅप्सूल फोडून वास घ्या. खवट आला तर बाटली टाकून द्या. जवस खात असाल तर दळूनच, अख्खं जसंच्या तसं बाहेर पडतं. त्यातलं ओमेगा-३ शरीरात ईपीए-डीएचएमध्ये फार थोडं बदलतं, हेही धरून चाला.

प्रश्न: बीटचा रस पिऊनही सायकलिंगमध्ये काहीच फरक नाही.

माउथवॉश वापरता का? बीटमधल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात जिभेवरचे जंतू, आणि माउथवॉशने तेच मरतात. मग पुढचं काही घडत नाही. सायकलवर निघायच्या दोन-तीन तास आधी रस घ्या आणि त्या दिवशी नुसत्या पाण्याने चूळ भरा. लघवी लालसर दिसेल, ती बीटच्या रंगाने. बीट न खाताही तशी दिसली तर तपासा.