पॉपअप ब्लॉकर चालू असूनही पॉपअप येतातच. हे कायमचं थांबवायला काय करावं?

तुम्ही लिहिलंय की क्रोमच्या सेटिंगमध्ये पॉपअप ‘ब्लॉक’ करून ठेवलेत, तरी कुठलाही लेख उघडला की आधी कुकीजची (संकेतस्थळ तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवतं त्या छोट्या नोंदींची) परवानगी मागणारी पाटी, मग ‘नोटिफिकेशन पाठवू का?’, दोन परिच्छेद वाचेपर्यंत ‘ईमेल द्या’ आणि कोपऱ्यात आपोआप बोलायला लागणारा व्हिडिओ. सेटिंग बिघडलंय का, असा तुमचा प्रश्न आहे.

सेटिंग ठणठणीत आहे हो. पण ते कुलूप दाराचं आहे, आणि ही मंडळी आता घरातच राहायला आली आहेत.

म्हणजे असं. नव्वदच्या दशकात पॉपअप म्हणजे खरोखरची वेगळी विंडो असायची. ही कल्पना ज्यांच्या माथी मारली जाते ते ईथन झुकरमन तेव्हा ट्रायपॉड नावाच्या संकेतस्थळावर कामाला होते. एका मोटार कंपनीची जाहिरात एका अश्लील पानावर झळकली आणि कंपनी बिथरली. तेव्हा तोडगा निघाला की जाहिरात पानावर ठेवायचीच नाही, वेगळ्या विंडोत उघडायची. २०१४ मध्ये झुकरमन यांनी लेख लिहून त्याबद्दल जाहीर माफीही मागितली. तोवर त्या विंडोंचा बंदोबस्त होऊन दहा वर्षं झाली होती: २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ बरोबर इंटरनेट एक्सप्लोररमध्येसुद्धा पॉपअप ब्लॉकर आला, बाकीच्या काही ब्राउझरांत तो त्याआधीच होता.

मग जाहिरातवाल्यांनी वेगळी विंडो उघडणंच सोडलं आणि पानाच्या आतच, मजकुरावर एक चौकोन आडवा टाकायला सुरुवात केली. ब्राउझरच्या लेखी तो चौकोन आणि लेखातला परिच्छेद सारखेच, दोन्ही त्याच पानाचे भाग. त्यातलं कोणतं अडवायचं हे त्याला कसं कळणार? म्हणून ते जुनं सेटिंग चालू राहू द्या, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

असले चौकोन ओळखायला त्यांच्या खुणांची यादी लागते, आणि ती यादी ठेवणारं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं जोडसॉफ्टवेअर, लागतं. मी यूब्लॉक ओरिजिन वापरतो. फायरफॉक्सवर ते पूर्ण ताकदीनिशी चालतं, अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्समध्येसुद्धा. क्रोमने एक्स्टेन्शनचे नियम बदलल्यामुळे तिथे त्याची ‘लाइट’ आवृत्ती घ्यावी लागते. ती थोडी कमी करामती आहे, पण तुमच्या कामाला पुरेल. घेताना बनवणाऱ्याचं नाव रेमंड हिल आहे ना, एवढं बघा. मिळत्याजुळत्या नावांची एक्स्टेन्शनं असतात आणि ती कुणाची हे सांगता येत नाही.

आता खरी गोम. बहुतेक लोक हे टाकतात, जाहिराती गेल्या म्हणून खूश होतात आणि कुकीजच्या पाट्या मात्र तशाच झेलत बसतात. कारण त्या हटवणाऱ्या याद्या सुरुवातीला बंद असतात. एक्स्टेन्शनच्या चिन्हावर क्लिक करा, दातेरी चाकाच्या खुणेवरून आत जा आणि ‘फिल्टर लिस्ट्स’ उघडा. खाली ‘कुकी नोटिसेस’ आणि ‘अ‍ॅनॉयन्सेस’ असे गट दिसतील. त्यांवर टिक करा आणि वर ‘अप्लाय चेंजेस’ असं बटण दिसलं तर ते दाबायला विसरू नका. (मी विसरलो होतो. आठवडाभर एक्स्टेन्शनला नावं ठेवत होतो.) ‘ईमेल द्या’वाले चौकोनही यातच बरेचसे जातात.

पाटी नुसती लपवली तर आपण संमती दिली असं होतं का, हे नेहमी विचारलं जातं. युरोपच्या कायद्यानुसार नाही. २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआरमध्ये संमती स्पष्ट कृतीतून द्यावी लागते, गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे. सगळी संकेतस्थळं तो नियम पाळतातच असं नाही, म्हणून पाटी दिसलीच तर मी नकाराचं बटण शोधतो. पूर्वी ते तीन पडद्यांआड असायचं. फ्रान्सच्या सीएनआयएल या नियामकाने जानेवारी २०२२ मध्ये, होकार एका क्लिकमध्ये आणि नकाराला मात्र खेटे, एवढ्याच कारणावरून गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड जाहीर केला. हल्ली ‘सर्व नाकारा’ असं बटण सरळ समोर दिसतं, त्यामागे असे दट्टे आहेत. नाकारल्याने लॉगिन वगैरे बिघडत नाही; पान चालायला ज्या कुकीज लागतातच, त्यांना संमतीची गरज नसते.

एवढं करूनही एखादा चौकोन हटेचना झाला तर आधी ‘एस्केप’ दाबून बघा, पुष्कळदा तेवढ्याने जातो. पुढची पायरी रीडर व्ह्यू: फायरफॉक्स, सफारी, एज सगळ्यांत आहे, फक्त मजकूर आणि चित्रं उरतात. आणि खुमखुमी असेल तर चौकोनावर राइट क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ घ्या. कोडमधली एक ओळ रंगलेली दिसेल, ती ‘डिलीट’ करा. चौकोन गेला, मागचा धूसर पडदाही तसाच उडवला, तरी पान खाली सरकत नाही! घाबरू नका. चौकोन येताना पानाला खिळा ठोकून ठेवतो. वरची ‘बॉडी’ची ओळ निवडा, शेजारी ‘ओव्हरफ्लो: हिडन’ असं लिहिलेलं सापडेल, त्यापुढची टिक काढा. पान सुटतं. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मला जो आनंद झाला तो त्या लेखाच्या लायकीपेक्षा बराच जास्त होता.

नोटिफिकेशनची जात मात्र वेगळी, तिथे एक्स्टेन्शन पुरत नाही. माझ्या मावशीच्या फोनवर दिवसातून वीसेक वेळा ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस’ असं यायचं. तिने दोन अँटिव्हायरस टाकले, त्या दोघांच्या सूचना आणखी वर. मी त्यातली एक सूचना बोट दाबून धरली, तर खाली क्रोमचं नाव आणि एका अगम्य संकेतस्थळाचा पत्ता. व्हायरस नव्हताच, परवानगी दिलेली होती. “मी काही दाबलं नाही रे,” मावशी म्हणाली. मग आठवून म्हणाली, “त्या पानावर ‘तुम्ही रोबो नाही ना, मग अलाव दाबा’ असं आलं होतं. मी काय रोबो आहे का?”

खरी रोबो-तपासणी कधीही ‘अलाव’ दाबायला सांगत नाही. ‘अलाव’ म्हणजे नोटिफिकेशनला होकार, बस्स. क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन उघडा, परवानगी दिलेल्यांची यादी बघा, अनोळखी सगळे काढून टाका. आणि तिथेच साइटना परवानगी मागण्याचीच मुभा बंद करता येते, तीही करा. तो प्रश्न पुन्हा कधी दिसणार नाही. मावशीचे दोन्ही अँटिव्हायरस मी त्याच बैठकीत काढले.

पूर्ण पडदाभर भोंगा वाजवत ‘संगणक लॉक झालाय, या नंबरवर फोन करा’ असं आलं तर त्यातल्या फुलीवर क्लिक करू नका. ती फुली नाही, फुलीचं चित्र आहे. ‘एस्केप’ जरा वेळ दाबून धरा म्हणजे पडदा आक्रसतो, मग टॅब बंद करा. नाहीच झाला तर विंडोजवर ऑल्ट आणि एफ४ दाबून ब्राउझरच बंद. परत उघडताना ‘मागची पानं आणू का’ म्हणेल, नको म्हणा. नंबरावर फोन तर अजिबात नको. असल्या सापळ्यांची वाट अनेकदा शोधनिकालातल्या जाहिरातींतून जाते. अमेरिकेच्या एफबीआयनेच डिसेंबर २०२२ मध्ये लोकांना इंटरनेटवर काही शोधताना अ‍ॅड ब्लॉकर (यूब्लॉकसारखं जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन) वापरा असं सांगितलं होतं. त्यामुळे ब्लॉकर लावणं म्हणजे काही आडमार्गाचं काम, असं वाटून घेऊ नका. तरी जी दोन-चार संकेतस्थळं मी रोज वाचतो आणि जी सभ्यपणे जाहिराती दाखवतात, तिथे मी तो बंद ठेवतो. ‘ब्लॉकर काढा नाहीतर चालते व्हा’ म्हणणाऱ्यांकडून मी खरंच चालता होतो.

किरकोळ दोन गोष्टी. मागे जायचं बटण दाबूनही पान सोडत नसेल तर ते बटण दाबून धरा, आधीच्या पानांची यादी येते, हवं ते निवडा. आणि आपोआप वाजणारे व्हिडिओ: फायरफॉक्स २०१९ पासून आवाजाचे अडवतोच, सेटिंगमधून बिनआवाजी व्हिडिओही अडवता येतात.

राहता राहिला फोन. आयफोनवर आयओएस १८ पासून सफारीत नकोसा भाग बोटाने निवडून लपवता येतो. पण एवढं सगळं बसवल्यावरही ‘काहीच फरक नाही’ असं वाटलं तर आधी बघा, लिंक उघडलीय कुठे. समाजमाध्यमांची अ‍ॅप लिंक बरेचदा स्वतःच्या पोटातल्या ब्राउझरमध्ये उघडतात, आणि तिथे तुमचं एक्स्टेन्शन नसतंच. कोपऱ्यातल्या तीन टिंबांत ‘ब्राउझरमध्ये उघडा’ असा पर्याय असतो. तो घ्या आणि तेच पान पुन्हा बघा.