विजेट हलवलं की रिकामं होतं, मांडणी हरवते, पान रखडतं : तिन्हींची कारणं

वापरकर्त्याला विजेटं (पानावरचे छोटे स्वतंत्र चौकोन) ओढून हवी तशी मांडता येतात अशा डॅशबोर्डबद्दल प्रश्न आला आहे, आणि त्यात तीन तक्रारी आहेत. विजेट ओढून दुसऱ्या स्तंभात ठेवलं की आतला मजकूर पहिल्यापासून लोड होतो. काही वापरकर्त्यांची मांडणी 'आपोआप' विस्कटते. आणि पंधराच्या वर विजेटं झाली की पान जड होतं. एकेक घेतो.

पहिलीचं कारण ब्राउझरच्या स्वभावात आहे. आयफ्रेम (पानात बसवलेलं दुसरं पान) डॉममधून, म्हणजे ब्राउझरकडच्या पानाच्या घटकांच्या झाडातून, काढून दुसरीकडे घातली की ब्राउझर आतलं दस्तऐवज टाकून देतो आणि पत्त्यावरून नव्याने आणतो. अर्धवट भरलेला फॉर्म, स्क्रोलची जागा, चालू असलेला व्हिडिओ, सगळं गेलं. रिअ‍ॅक्टमध्ये (इंटरफेस बांधायच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीत) हाच प्रकार आयफ्रेम नसतानाही होतो: प्रत्येक स्तंभ वेगळा पालक असेल तर एका स्तंभातून दुसऱ्यात गेलेला घटक अनमाउंट होतो, म्हणजे पुसून नव्याने बनतो, त्याची ओळखखूण ('की') तीच ठेवली तरी. ही 'की' फक्त एकाच पालकाच्या मुलांमध्ये चालते.

म्हणून स्तंभांचे वेगळे डबे करूच नका. सगळी विजेटं एकाच पालकाखाली सपाट ठेवा आणि जागा सीएसएस ग्रिडच्या (पान ओळी-स्तंभांत मांडायच्या शैली-नियमांच्या) ओळ-स्तंभ क्रमांकांनी ठरवा. विजेट हलवलं म्हणजे फक्त आकडे बदलले, डॉम जिथल्या तिथे. याची किंमत एवढीच की टॅब कळीने फिरणाऱ्याला डोळ्यांना दिसतो त्यापेक्षा वेगळा क्रम मिळतो. पान पुढच्या वेळी उघडताना जतन केलेल्या क्रमाने रेंडर केलंत की तो जुळतो. क्रोममध्ये 2025 पासून मूव्हबिफोर ही पद्धत आहे, ती आयफ्रेमची अवस्था न मोडता घटक हलवते. वापरायची तर आधी ती ब्राउझरमध्ये आहे का हे तपासा, नसेल तर ग्रिडचाच मार्ग.

ओढण्याबद्दल थोडं. पॉइंटर (माउसचा बाण किंवा बोट) आयफ्रेमवर गेला की त्याच्या हालचालीच्या सूचना, म्हणजे घटना, आतल्या दस्तऐवजाला मिळतात, बाहेरच्या पानाला कळतच नाही, आणि विजेट हवेत अडकून राहतं. ओढणं सुरू होताच सगळ्या आयफ्रेमवर पॉइंटर-इव्हेंट्स बंद करा. सुटल्यावर परत चालू करताना पॉइंटर-अप (बोट उचललं) सगळ्यांना आठवतं, पॉइंटर-कॅन्सल (ब्राउझरने ओढणं मध्येच तोडलं) विसरलं जातं. मग एखाद्या वेळी विजेटं 'मेलेली' दिसतात. टच-अ‍ॅक्शन (स्पर्शाला ब्राउझरने काय करावं हे ठरवणारी सीएसएस सेटिंग) फक्त पकडायच्या मुठीवर 'नन' करा. अख्ख्या विजेटवर केलंत तर बोटाने पान सरकवताच येत नाही. पाच-सहा पिक्सेल हलल्याशिवाय ओढणं सुरू झालं असं मानू नका, नाहीतर साधे क्लिक गिळले जातात. आणि मेनूत 'वर हलवा', 'खाली हलवा' हवंच. डब्ल्यूसीएजी 2.2 (2023) या वेब-सुलभतेच्या नियमावलीत ओढण्याला न ओढता, टिचकीने करायचा पर्याय ही डबल-ए (मधल्या) पातळीची अट आहे.

आता दुसरी तक्रार, आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. ग्रिड लायब्ररी (विजेटं ओढून मांडायचा तयार कोड) 'मांडणी बदलली' अशी घटना देते आणि बहुतेक जण तिथेच सेव्ह जोडतात. पण ती घटना माणसाने काही केल्यावरच येते असं नाही. पान फोनवर उघडलं, बारा स्तंभांचा एक झाला, लायब्ररीने सगळं एकाखाली एक रचलं, घटना आली, सेव्ह झालं. दुसऱ्या दिवशी मोठ्या स्क्रीनवर तीच उभी माळ. वापरकर्त्याने बोटही लावलेलं नाही, म्हणून तो 'आपोआप' म्हणतो, आणि बरोबरच म्हणतो. सेव्ह फक्त ओढणं संपलं, आकार बदलणं संपलं, विजेट घातलं किंवा काढलं, या चार ठिकाणी करा, आणि स्क्रीनच्या प्रत्येक रुंदी-गटाची मांडणी वेगळी ठेवा.

याचंच भावंड: सर्व्हरकडून विजेटांची यादी अर्धवट आली, कोडने 'अनोळखी' प्रकार गाळले, आणि गाळलेली मांडणी परत जतन केली. अनोळखी विजेट कधीच पुसू नका. त्या जागी 'सध्या उपलब्ध नाही' अशी चौकट दाखवा, नोंद तशीच राहू द्या.

नोंदीचा आकार असा ठेवतात: वर आवृत्ती क्रमांक, खाली प्रत्येक विजेटचा स्वतःचा आयडी, प्रकार, स्तंभ, ओळ, रुंदी, उंची. आयडी आणि प्रकार वेगळे, कारण एकच विजेट दोनदा लावणारे लोक असतातच. विजेटची सेटिंग्ज दुसऱ्या नोंदीत. त्यांच्या बदलाचा मांडणीशी संबंध नाही. स्वरूप बदललं की 1 वरून 2, 2 वरून 3 अशी छोटी फंक्शनं साखळीने चालवा. थेट 1 वरून 3 ची उडी लिहू नका, ती कोणी तपासत नाही. दोन टॅब उघडे असतील तर नंतरचा आधीच्याला पुसतो. ईटॅग (सर्व्हरने नोंदीला दिलेली आवृत्ती-खूण) आणि इफ-मॅच (ती खूण अजून तीच असेल तरच लिहा, ही अट) वापरा, 412 (अट जुळली नाही, असं सर्व्हरचं उत्तर) आला की ताजी मांडणी आणून मग बदल लावा. लोकलस्टोरेज (ब्राउझरमधलीच साठवण) फक्त तात्पुरत्या प्रतीसाठी: जागा साधारण 5 एमबी, भरली की लिहिताना अपवाद फेकतं, आणि बदल झाल्याचं कळवणारी स्टोरेजची घटना ज्या टॅबने लिहिलं त्याला मिळत नाही.

तिसरी तक्रार. प्रत्येक विजेट स्वतःचा टायमर लावून दर 30 सेकंदांनी सर्व्हरला मागणी पाठवत असेल तर सगळे एकत्र सुरू झाल्यामुळे एकत्रच धडकतात. एचटीटीपी 1.1 वर (वेबच्या जुन्या संवाद-पद्धतीवर) ब्राउझर एका होस्टला एका वेळी सहाच जोडण्या देतो, बाकीच्या रांगेत. पानाचा एकच वेळापत्रक-व्यवस्थापक करा, विजेटांनी त्याच्याकडे नाव नोंदवावं. तो प्रत्येकाला थोडा यादृच्छिक उशीर देईल, टॅब लपला की थांबवेल, पडद्याबाहेरच्या विजेटांना इंटरसेक्शन ऑब्झर्व्हरने (घटक पडद्यावर दिसतो का हे सांगणाऱ्या ब्राउझरच्या सोयीने) गप्प बसवेल. प्रत्येक मागणीला आठ-दहा सेकंदांची मर्यादा घाला. सर्व मागण्या जोडून एकच मोठी करायचा मोह होतो, पण मग सगळ्यात मंद विजेट बाकीच्यांना ओलीस धरतं.

बाहेरच्यांची विजेटं घेणार असाल तर त्यांच्या आयफ्रेमला सँडबॉक्स (आतल्या पानाला काय करता येईल यावरची बंधनं) लावा. मात्र आतलं पान तुमच्याच ओरिजिनवरून (त्याच प्रोटोकॉल, डोमेन आणि पोर्टवरून) येत असेल आणि स्क्रिप्ट व सेम-ओरिजिन या दोन्ही परवानग्या एकत्र दिल्यात, तर ते स्वतःचा सँडबॉक्स काढून टाकू शकतं. सेम-ओरिजिन न देता ठेवलेल्या फ्रेमने बाहेरच्या पानाला पाठवलेल्या निरोपांत ओरिजिन म्हणून 'नल' हा शब्द येतो, तेव्हा निरोप कोणाचा हे त्याच्या सोर्सवरून, म्हणजे कोणत्या फ्रेमची विंडो आहे यावरून ओळखा. उंची कळवणाऱ्या निरोपाला कमाल मर्यादा द्या: आतल्या पानात उंची '100 व्हीएच' (फ्रेमच्या पूर्ण उंचीइतकी) आणि वर थोडं पॅडिंग असेल तर फ्रेम वाढते, मजकूर वाढतो, निरोप जातो, फ्रेम पुन्हा वाढते.

सुरुवात सेव्हच्या घटनेपासून करा. रिकामं झालेलं विजेट परत लोड करता येतं, पुसलेली मांडणी कुठून आणणार? हा बदल बाहेर जाण्याआधी सध्याच्या सगळ्या नोंदींची प्रत काढून ठेवा, कारण कोणत्या मांडण्या फोनने चिरडल्या ते सगळी विजेटं एकाच स्तंभात आहेत यावरून शोधता येतं, आणि त्या लोकांना सुरुवातीच्या ठरीव मांडणीवर परत न्यायचं की नाही हे त्यांनाच विचारा.