वाचकांचे प्रश्न : मुलांच्या कर्करोग विभागात नवीन सिस्टर

प्रश्न : सहा वर्षे बालरोग विभागात काम केल्यावर माझी बदली मुलांच्या कर्करोग विभागात झाली. प्रशिक्षण जेमतेम दोन दिवसांचे मिळाले. रात्रपाळीत आधी कशाची तयारी ठेवू? आणि पुढचे शिकायचे कुठून?

उत्तर : आधी तापाची. केमोनंतर न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) रक्ताच्या दर मायक्रोलिटरमागे ५०० च्या खाली उतरले की पू धरायलाही पेशी उरत नाहीत. जंतुसंसर्ग असूनही जखम लाल होत नाही, एक्स-रे स्वच्छ येतो. बऱ्याचदा ताप ही एवढीच खूण असते. एकदा ३८.३ अंश सेल्सिअस, किंवा तासभर टिकलेला ३८, एवढ्यावर हालचाल करा. अँटिबायोटिकचा पहिला डोस तासाभरात शिरेतून जायला हवा. हा तास बहुधा औषध फार्मसीतून येण्यात आणि डॉक्टरांच्या सहीत जातो. म्हणून पहिला डोस आणि कल्चरच्या (रक्तातले जंतू तपासण्याच्या) बाटल्या वॉर्डातच ठेवण्याची, ऑर्डर आधीच लिहून घेण्याची व्यवस्था लावून घ्या. कल्चर आधी काढा, पण रक्त येईना म्हणून औषध अडवू नका. पेशींच्या काउंटच्या रिपोर्टची वाट तर मुळीच नको. तापमान गुदद्वारातून घेऊ नका, तिथल्या बारीक चिरेतून जंतू थेट रक्तात जातात.

दुसरी तयारी सेंट्रल लाइनची, म्हणजे मोठ्या शिरेत बसवलेल्या नळीची. हब (नळीचे जोडायचे तोंड) अल्कोहोलने १५ सेकंद घासा आणि वाळू द्या. घाईत वाळणेच राहून जाते. फ्लशला (नळी सलाइनने धुवायला) १० मिलीची सिरिंज घ्या. लहान सिरिंजचा दाब जास्त असतो, कॅथेटर फाटू शकते. व्हिंक्रिस्टीन किंवा डॉक्सोरुबिसिन ही केमोची औषधे शिरेबाहेर गेली तर मांस जाळतात, म्हणून ती देण्याआधी नळीतून रक्त परत येते का ते पाहा. देताना मूल दुखते म्हणाले की थांबवा, पण सुई लगेच काढू नका. तिच्यातूनच उरलेले औषध ओढून घ्यायचे असते. व्हिंक्रिस्टीन पाठीच्या कण्यात गेले तर जीव जातो. ते सिरिंजऐवजी छोट्या सलाइन पिशवीतूनच द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

शिकण्यासाठी अमेरिकेतल्या सेंट ज्यूड या मुलांच्या रुग्णालयाचे ऑनलाइन शिक्षणसाहित्य पाहा. ‘सिऑप’ या आंतरराष्ट्रीय बालकर्करोग संघटनेची परिचर्येची किमान मानकेही मिळवा. कमी साधने असलेल्या देशांसाठी लिहिलेल्या या मानकांत वॉर्डात पाच मुलांमागे एक परिचारिका आणि नव्यांना रीतसर प्रशिक्षण मागितले आहे. मेट्रनकडे नुसती तक्रार नेण्यापेक्षा हा कागद नेलेला बरा.

प्रश्न : मूल दगावले की दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर जाववत नाही. हे माझ्यातच कमी आहे का?

उत्तर : नाही. पुढच्या एक-दोन दिवसांत पाळीतल्या सगळ्यांनी पंधरा मिनिटे बसा : काय झाले, काय नीट झाले, काय खुपतेय. चुका शोधण्याची बैठक वेगळी ठेवा. दोन्ही एकत्र केल्या की कुणी बोलत नाही. झोप उडाली, किंवा मुलाच्या खोलीत शिरणेच टाळावेसे वाटू लागले आणि हे दोन-तीन आठवडे टिकले, तर समुपदेशकाकडे जा. तोवर पुढचे शेवटच्या घटकेतले मूल लगेच तुमच्याच वाट्याला देऊ नये, असे इन्चार्ज सिस्टरना स्पष्ट सांगा.