दिलं, पण आनंद झाला नाही

"मॅडम, मी कुणाला नाही म्हणत नाही. पण दिल्यावर आत जळत राहतं. मग हे दान कसलं? मी ढोंगी आहे का?"

विचारणारे गृहस्थ विक्रोळीच्या कन्नमवार नगरचे, निवृत्तीच्या उंबरठ्यावरचे सरकारी कर्मचारी. (त्यांच्या परवानगीने, ओळखीच्या खुणा बदलून लिहिते आहे.) घराचे हप्ते चालू, मुलीचं शिक्षण चालू. गावाकडून धाकट्या भावाचा फोन येतो, "दादा, तुझं मुंबईत बरं चाललंय," आणि यांचे पैसे जातात. शिवाय जयंतीची वर्गणी, कुणाचं आजारपण, कुणाचं लग्न. रात्री लाइट बिलाच्या पाठीमागे हिशोब मांडत बसायचं आणि चिडचिड बायकोवर काढायची.

लाज वाटण्याचं कारणही त्यांनीच सांगितलं. बाबासाहेबांनी 1956 साली नागपुरात दिलेल्या 22 प्रतिज्ञांत दहा पारमितांचं, म्हणजे पूर्णत्वाला न्यायच्या दहा सद्गुणांचं, पालन करण्याची प्रतिज्ञा आहे आणि त्या दहांत पहिली दान. "पहिल्याच पायरीवर घसरतोय," म्हणाले.

ही तक्रार माझ्याकडे नेहमी येते, बायकांकडून तर फारच. बहुतेकांना वाटतं, आपलंच मन कोतं. मला तसं वाटत नाही.

मी त्यांना एक वही करायला सांगितली. काय दिलं ते लिहायचं आणि पुढे तीन रकाने: देण्याआधी, देताना, दिल्यावर. कल्पना माझी नाही. अंगुत्तर निकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहात बुद्धांनी दात्याची तीन अंगं सांगितली आहेत: देण्याआधी तो आनंदी असतो, देताना त्याचं चित्त प्रसन्न असतं आणि दिल्यावर तो समाधानी होतो. आपण फक्त तिसरं तपासतो आणि स्वतःला दोष देतो. बिघाड बहुधा पहिल्यातच असतो.

वही आली. भावाच्या नोंदीपुढे लिहिलं होतं: "भीती. लवकर उरकावं. राग." शेवटच्या पानावर पेन्सिलीने एक नोंद होती, शेजारी प्रश्नचिन्ह. 6 डिसेंबरला शिवाजी पार्कवर चैत्यभूमीच्या रांगेतल्या लोकांना सकाळपासून पाणी वाटलं. परभणीकडच्या एक आजी दोन पेले पाणी प्यायल्या, "जय भीम, बाळा" म्हणाल्या आणि पिशवी उचलून पुढे गेल्या. तिन्ही रकान्यांत एकच शब्द होता, "बरं". खिशातून काही गेलं नाही, म्हणून हे दान धरायचं की नाही, एवढीच त्यांना शंका!

मग त्याच निकायातलं सत्पुरुषाच्या दानाचं वर्णन मी वाचून दाखवलं. तो श्रद्धेने देतो, आदराने देतो, योग्य वेळी देतो, मोकळ्या मनाने देतो आणि स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा न करता देतो.

"स्वतःला पण?" त्यांनी पुन्हा वाचायला लावलं.

हो, स्वतःलाही. अनाथपिंडिकासारख्या मोठ्या दात्याला संपत्तीचे उपयोग सांगताना बुद्धांनी सुरुवात केली ती स्वतः, आईवडील, बायकामुलं आणि घरचे नोकरचाकर यांच्या सुखापासून. आपल्या बोरिवलीजवळच्या कान्हेरीच्या शिलालेखांतही कल्याण-सोपाऱ्याच्या दात्यांची दानं ठरवून केलेली दिसतात. कुणी पाण्याचं टाकं खोदवलं, तर कुणी अक्षयनिधी ठेवला: मुद्दल तसंच राहायचं आणि व्याजातून भिक्खूंच्या चीवरांचा (वस्त्रांचा) खर्च भागायचा. घाबरून, बायकोपासून लपवून दिलेल्या पैशाला मी या रांगेत बसवणार नाही.

ठरलं ते साधंच. महिन्याच्या सुरुवातीला द्यायची रक्कम नवराबायकोने मिळून काढायची. फोनवर लगेच हो म्हणायचं नाही, "उद्या सांगतो" म्हणायचं. जमणार नसेल तर कारणांची रांग न लावता "या वेळी जमणार नाही."

पहिल्या नकाराच्या वेळी त्यांचा हात थरथरत होता, असं बायको म्हणाल्या. भाऊ रुसला, बरेच दिवस बोलला नाही. नंतर पुतण्याच्या डिप्लोमाची फी भरायची वेळ आली, तेव्हा दोघांनी हिशोब करून ती थेट कॉलेजात भरली. त्या नोंदीचा पहिला रकाना बायकोने भरला आहे: "आपणच विचारलं, किती भरायचे?"

भावाचा राग अजून पुरता गेलेला नाही. पुढच्या भेटीत त्यावरच बोलायचं आहे.