साडेतीन वर्षांच्या मुलीला नाशिकच्या नर्सरीत अजून अ-आ-इ लिहायला देत नाहीत. शाळा बदलावी का?

नका बदलू, नर्सरी बरोबर करतेय. पेन्सिल नीट धरायला लागणारा जोर या वयात बोटांत आलेला नसतो. तो कणकेच्या गोळ्या वळून, मणी ओवून, घडातली द्राक्षं एकेक देठावरून तोडून येतो. सिडकोतल्या बालवाडीत आम्ही ताया मुलांकडून हेच करून घेतो. पायाभूत स्तराचा २०२२ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडाही ३ ते ८ वयोगटासाठी खेळातून शिकण्यावरच भर देतो. (गिरवायच्या वह्या बहुतेकदा पालकांच्या समाधानासाठी असतात, खरं सांगते.) मात्र दिवसभरात गाणी, गोष्टी, मोकळा खेळ होतो का, हे ताईंना विचारा. मुलांना नुसतं टीव्हीसमोर बसवत असतील, तर मग जरूर बदला.